मालक बाहेर गेलेत

वर्गणीवाल्यांना पायरीवरूनच परत कसं पाठवायचं, याचं प्रत्येक दुकानाचं आपलं धोरण असतं. साताऱ्यात राजपथावर ते पाटीवर लिहिलेलं नसतं, गल्ल्यावरच्या चेहऱ्यावर वाचायचं. श्रावण सरत आला, की पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी राहतात आणि गल्ल्यावरचे काका शांतपणे सांगतात, "मालक बाहेर गेलेत." मालक तेच, हे पोरांना पक्कं ठाऊक. "मग कधी येऊ, मालक?" असं तीच विचारतात आणि काका म्हणतात, "परवा ये."

खरं भांडवल पावतीपुस्तकाचं पहिलं पान. तिथे शेजारच्या सराफाच्या नावापुढे पाच हजार एक लिहिलेले असतात. ते त्याने दिलेत का, हे विचारायची पद्धत नाही.

सांगलीत गणपती पेठेत माझ्या आतेभावाचं दुकान आहे. तो कायद्याचा माणूस. तात्पुरत्या कार्यासाठी वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे त्याला पाठ. दारात कुणी दिसलं की हा कलम काढतो. निम्मी मंडळं तिथेच गळतात.

२०१९च्या ऑगस्टात मात्र या धोरणाला भगदाड पडलं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. भावाचं दुकान बुडालं. इकडे साताऱ्यात कॉलेजची पोरं डबे घेऊन दुकानांपुढे उभी राहिली, तेव्हा आमचे 'बाहेर गेलेले' काका कुणी मागायच्या आत चादरींचा गठ्ठा घेऊन पायरी उतरले. कलम कुणी विचारलं नाही. पण तेव्हापासून सांगलीत जो तो वर्गणीवाला सुरुवातच अशी करतो, "पुरात आमच्या मंडळाचा टेम्पो आला होता." भाऊ म्हणतो, एवढे टेम्पो आले असतील तर पाणी मावलं कुठे?

मोठ्या, वातानुकूलित दुकानांना चेहराच नसतो, हा खरा घोटाळा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने शाळेतल्या मुलांच्या वह्यांसाठी अशा एका दुकानाबाहेर डबा धरला. संघ रीतसर नोंदलेला, अध्यक्ष निवृत्त मामलेदार. सिक्युरिटीवाला नम्रपणे म्हणाला, "इथं उभं राहायचं नाही. हेड ऑफिसला मेल करा." पार्किंगमध्ये गेलो, तर ती जागा फक्त गाड्यांची. शेवटी वडापावच्या गाड्याशेजारी आसरा मिळाला. गाडेवाल्याने पहिले दहा रुपये टाकले आणि गिऱ्हाइकांनाही दटावून टाकायला लावले.

आत साबण घ्यायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी विचारते, "सर, वरचे दोन रुपये अमुक संस्थेला देऊ?" म्हणजे मागणं वर्ज्य नाही, फक्त एसीत मागावं! आपल्या पेठांत हे जुनंच. व्यापारी बिलात 'धर्मादाय' लावायचे आणि १९५०च्या त्याच कायद्याचं कलम ५४ बजावतं, की तो पैसा दुकानदाराचा नव्हे, तो नुसता विश्वस्त.

मागण्याची लाज साताऱ्याने बाळगावी, हेही नवलच. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य गोळा करून पोरं शिकवली. त्यांना कुणी "हेड ऑफिसला मेल करा" म्हटलं असतं, तर ते वसतिगृहातली सगळी पोरं घेऊन हेड ऑफिसातच जेवायला बसले असते.

संध्याकाळी ड्युटी संपवून तो सिक्युरिटीवाला गाड्यापाशी आला. टोपी काढली, वडापाव सांगितला आणि खिशातून त्याच्या गल्लीतल्या मंडळाचं पावतीपुस्तक काढलं. अध्यक्षांनी घसा खाकरून परवानगी मागितली. त्याने ती पुढे केली, लॅमिनेशन केलेली. एकशे एकावर मिटलं.