गणवेशाची काटकसर : पालकांसाठी काही शास्त्रोक्त सूचना

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेच्या नऊ नियमांपैकी आठवा नियम स्काऊट काटकसरी असतो असे सांगतो; परंतु हा नियम ज्या गणवेशात उभे राहून म्हणायचा, त्यात सदरा, विजार, पट्टा, टोपी, स्कार्फ, तो गळ्याशी अडकवण्याची वॉगल नावाची कडी, शिट्टी आणि तिची दोरी एवढा ऐवज मोडत असल्याने नियमपालनाची पहिली संधी विद्यार्थ्याला नव्हे, तर त्याच्या पालकांना मिळते. सातारा-सांगलीकडील कुटुंबांनी ती कशी साधावी, याचा हा विचार आहे.

सर्वांत मोठी बचत सदऱ्यात होते. तो वाढत्या अंगाचा शिवावा आणि शिंप्याला भरपूर माया सोडण्यास बजावावे. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेले जादा कापड, जे पुढे टीप उसवून वापरता येते. पाचवीत शिवलेला सदरा सहावीत बाजूंनी उसवावा, सातवीत त्याच्या बाह्यांची दुमड सोडावी आणि आठवीत तो धाकट्या भावाच्या अंगावर चढवावा. येथे एक शास्त्रीय अडचण संभवते. थोरल्याची पदके काढल्यावर त्या जागचे न विटलेले कापड गडद दिसते, आणि नुकताच 'प्रवेश' ही पहिली पायरी चढलेला धाकटा तृतीय सोपान या वरच्या पायरीची सावली बाहीवर मिरवत संचलनात उभा राहतो. पथकप्रमुखांनी तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

स्कार्फ त्रिकोणी असल्याने चौरस कापड कर्णावर कापले की दोन होतात, हे भूमितीचे सत्य दोन आयांचे एकमत झाल्यासच उपयोगी पडते. साताऱ्याच्या खण आळीत सर्वांनी मिळून एकाच ताग्यातून कापड फाडून घेणे उत्तम. अन्यथा जितकी दुकाने, तितक्या छटा. वॉगलसाठी तासगावकडील द्राक्षबागेत उरलेल्या पाइपाचा बोटभर तुकडा पुरतो. काठी म्हणून मात्र ऊस वापरू नये, कारण शिबिर संपेपर्यंत तो शिल्लक राहिल्याचे उदाहरण नाही.

शासनानेही या शास्त्रात प्रयोग केला आहे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली सरकारी शाळांतील मुलांच्या दोन गणवेशांपैकी एक स्काऊट-गाईडच्या धर्तीचा ठरला, आणि त्याचे कापड देऊन शिलाईसाठी ११० रुपये मंजूर झाले. एवढ्या रकमेत संपूर्ण गणवेश शिवून देणारा शिंपी शोधणे हे स्वतंत्र पदक देण्याजोगे कौशल्य होते. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत आल्याने ते पदक कोणाला मिळायचे राहून गेले.

उरलेल्या साहित्याचा खर्च 'खरी कमाई'तून भागवावा. खरी कमाई म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः श्रम करून मिळवलेला पैसा. या कल्पनेला सातारा अपरिचित नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये येथे काढलेल्या वसतिगृहातील मुले खरोखरच राबून शिकली. तरीही वसतिगृहाची चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडावे लागले, म्हणजे स्वावलंबनाच्या हिशेबात घरातील स्त्रीचे सोने कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न या जिल्ह्यात जुनाच आहे. प्रचलित पद्धतीने तो सोडवलेला आहे : तो रकानाच ठेवलेला नाही. त्याच पद्धतीने खऱ्या कमाईसाठी शाळेच्या आवारात भेळेचे दुकान मांडावे. चुरमुरे, शेंगदाणे व चिंचेची चटणी घरून आणावी. कांदा आईने पहाटे चिरून द्यावा. भेळ वडिलांनी विकत घेऊन खावी. आणि आलेली सगळी रक्कम नफा म्हणून वहीत जमा करून तीतून शिट्टी विकत घ्यावी. पातेली मात्र त्याच संध्याकाळी घासून परत न्यावीत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या भाजीला ती लागतात.