बिनसाखरेचा सोनईकर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यात, मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आणि मुळा सहकारी साखर कारखान्याच्या गाळपाकडे पाहून सोयरिकींचे मुहूर्त ठरवणाऱ्या सोनई गावात अलीकडे जो एक नवा मनुष्यविशेष आढळू लागला आहे, त्याला 'सन्मार्गी कॉफीपेयी' असे नाव देणे उचित ठरेल. हा मनुष्यविशेष साधारणतः तिशीतला असतो, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला असतो आणि २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉपसह घरी परतून, कंपनीने पुन्हा बोलावले तरी शक्य तितके दिवस गावातूनच काम करणारा असतो; तथापि त्याचे खरे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे कोणाच्याही ओट्यावर बसून 'साखर नको' असे म्हणण्याची त्याची तयारी होय. जेथे सभासदाला सवलतीची साखर मिळते आणि ती पाहुण्याच्या कपात सढळ हाताने उतरल्याखेरीज यजमानाचे समाधान होत नाही, तेथे हे दोन शब्द उच्चारणाऱ्यास मधुमेह झाला असावा असा पहिला तर्क केला जातो, आणि त्याने त्याचा इन्कार केल्यास त्याचे कोणाशी तरी बिनसले असावे असा दुसरा.

त्याच्या आराध्य पेयास 'स्पेशालिटी कॉफी' म्हणतात. प्रशिक्षित चाखणारे भाजलेल्या बियांची भरड गरम पाण्यात भिजवतात, चमच्याने मोठा आवाज करून भुरकतात आणि सुगंध, आंबटपणा, गोडवा व मागे रेंगाळणारी चव पाहून शंभरपैकी गुण देतात. ८० वा त्याहून अधिक गुण मिळवणारी कॉफीच या नावास पात्र ठरते. सोनईला या परीक्षापद्धतीचे फारसे नवल वाटत नाही, कारण तेथील दुधालाही डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता उरणारा घन भाग, या कसोटीला उतरावे लागते. फरक एवढाच की त्या दुधात कोणाला जांभूळ किंवा संत्र्याची साल सापडल्यास डेअरीवाला कॅन परत पाठवतो. कॉफीच्या पुडीवर मात्र अशा चवींची यादी अभिमानाने छापलेली असते, आणि तीत बहुधा गुळाचाही उल्लेख असल्यामुळे, गूळ घरात असताना पाव किलोला पाचशेच्या वर रुपये कशासाठी, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अनुत्तरित राहतो.

कॉफी करण्याचा विधी स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. बारीक तोटीच्या किटलीतून ९२ ते ९६ अंश तापमानाचे सुमारे २४० मिलिलिटर पाणी १५ ग्रॅम भरडीवर, कागदी गाळणीतून, गोल गोल फिरवत ओतले जाते. ही गाळणी १९०८ मध्ये मेलिटा बेन्ट्झ या जर्मन गृहिणीने मुलाच्या वहीतल्या टिपकागदापासून सिद्ध केली, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि तोवर पाहुण्याची कॉफी निवते. ज्या घराण्याने उसाच्या वजनकाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या संशय घेतला, त्याच घराण्याचा वंशज ग्रॅमच्या दशांशासाठी प्राण पणाला लावतो, ही घटना मात्र आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. आजीच्या मते हा सर्व खटाटोप दूध आटवले नसल्यामुळे करावा लागतो. कॉफी म्हणजे एकादशीला चालणारे, जायफळ घातलेले दाट पेय, आणि पुडीवरील गुण जायफळ किसण्यापूर्वीचे असल्याने ते ग्राह्य धरता येत नाहीत.

शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे नाहीत, कारण तेथे शनिदेवाचा धाक आहे. कॉफीपेयीची पुडी मात्र ओट्यावर दिवसभर उघडी राहिली तरी सुरक्षित असते, आणि त्याचे श्रेय कोणत्याही देवाकडे जात नाही.

आता त्याच्या सन्मार्गाविषयी, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव देणारीच कॉफी पिण्याच्या व्रताविषयी. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' या नावाची मुद्रा कॉफीच्या पुड्यांवर उमटू लागली. मुद्रेला हे नाव जावा बेटावरील रयतेची पिळवणूक मांडणाऱ्या १८६० च्या डच कादंबरीवरून मिळाले होते, आणि या मुद्रेमुळे पुढे रास्त व्यापाराची चळवळ वाढली. जागतिक बाजार कोसळला तरी उत्पादकाला ठरलेला किमान भाव मिळावा, हे तिचे सूत्र. आंध्र प्रदेशाच्या अराकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी २०१७ मध्ये पॅरिसच्या दुकानात पोहोचली, हे सांगताना कॉफीपेयीचा कंठ दाटतो. सुफी संत बाबा बुदान यांनी येमेनमधील मोख्याहून कॉफीच्या सात बिया लपवून चंद्रगिरीच्या डोंगरात आणल्याची आख्यायिका सांगताना मात्र, येमेनी शेतकऱ्याला त्या बियांचे काय मिळाले, हा प्रश्न त्याला सुचत नाही. तो वडिलांना सुचतो.

वडिलांना असे प्रश्न सुचण्याचे कारण उघड आहे. उसाचा 'रास्त व किफायतशीर दर', म्हणजेच एफआरपी, २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता आणि तो ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत मिळणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. पुत्रास चिकमगळूरच्या मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असते, स्वतःच्या शेताचा गट नंबर नसतो. कॉफी तोडणाऱ्या बायांना मजुरी किती मिळाली, असे तो विक्रेत्याला पत्राने विचारतो. बांधापलीकडे उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळीत नवराबायको मिळून एक 'कोयता' का धरतात आणि मुकादमाने दिलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, किती हंगामांत फिटते, हे विचारण्यास पत्रही लागले नसते.

तथापि या वर्गाकडून एक विधायक सूचना आलेली आहे: कॉफीच्या पुडीप्रमाणे साखरेच्या पोत्यावरही शेतकऱ्याचे नाव, गट नंबर आणि तोडणीची तारीख छापावी. वडिलांच्या पिढीने तिला तत्काळ अनुमोदन दिले. त्यांची उपसूचना इतकीच, की ज्यांचा ऊस तोडणीची वाट पाहत फडातच वाळला, त्यांची नावे त्याच पोत्यावर, परंतु मोठ्या टायपात घ्यावीत.