बिजागरीतज्ज्ञ

घरच्या घरी कपाट करणारा गृहस्थ कुंडलच्या आळीआळीत आढळतो, आणि तो बहुधा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून टर्नर किंवा फिटर म्हणून निवृत्त झालेला असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. त्या कारखान्याच्या नांगरांची नोंद इतिहासाने घेतली, परंतु पंचक्रोशीच्या खिशात शिरलेल्या वर्निअर कॅलिपरची घेतली नाही. वर्निअर म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागही दाखवणारे, सरकत्या जबड्याचे मापयंत्र. ते जवळ असल्याशिवाय हा गृहस्थ देवळातही जात नाही.

कपाटाचा सांगाडा चार दिवसांत उभा राहतो. गाडे अडते ते बिजागरीपाशी. सामान्य माणसाला बिजागरी म्हणजे दोन पाती आणि मधली सळई एवढेच ठाऊक असते. या गृहस्थाला मात्र दाराच्या उंचीइतकी अखंड असणारी पियानो बिजागरी ठाऊक असते, आणि दाराच्या आतल्या अंगाला 35 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून जिची वाटी त्यात बसवतात, ती बाहेरून न दिसणारी बिजागरीही. हिच्या हाताला जो बाक असतो त्याला क्रँक म्हणतात: दाराने बाजूची फळी पूर्ण झाकायची तर शून्य, एकाच मधल्या फळीवर दोन दारे टेकवायची तर आठाच्या आसपास, आणि दार चौकटीच्या आत बसवायचे तर पंधरा-सोळा. पलूसच्या दुकानदाराने "शून्य देऊ का आठ?" एवढेच विचारावे, की वर्निअर बाहेर येतो, काउंटरवरच्या एकूण एक वाट्या मोजल्या जातात आणि 35.04 भरलेली वाटी नापास होते. घरी भाकरी कडेला आणि मध्ये सारख्या जाडीची नसल्याचे सुनेला मापासह कळवले जाते. कुंडलच्या कुस्ती मैदानात पैलवानाची मान पाहूनही त्याचा हात नकळत खिशाकडे वळतो.

वास्तविक या बिजागरीला दार आत-बाहेर आणि डावी-उजवीकडे सरकवायचे स्क्रू मुळातच असतात. म्हणजे मिलिमीटरभर चूक होणारच, हे ती घडवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. नेमके हेच या गृहस्थाला अपमानास्पद वाटते. "दार लागतंय न्हवं? मग झालं की!" हा पत्नीचा सिद्धांत त्याला मान्य नसतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा तो लाकडावर रुसतो.

असे असले तरी एक गोष्ट, नाइलाजाने का होईना, नमूद करावी लागते. सात फुटी दाराला निदान चार बिजागऱ्या लागतात. सुतार तीन ठोकून निघून जातो आणि कालांतराने दार ओळंबते. तेव्हा शेजाऱ्याकडे चौथी बिजागरी स्वतःच्या पैशाने आणून लावतो तो हाच, आणि चहालाही थांबत नाही. कारखान्यांतून आता संगणकावर चालणारी यंत्रे जॉब कापतात. ज्या हाताच्या मापावर एकेकाळी माल पास किंवा नापास होत असे, त्याला मोजायला आळीतली दारेच काय ती उरली आहेत.

त्याच्या स्वतःच्या कपाटाला अद्याप दारे नाहीत. जुन्या लुगड्याचा पडदा आहे.