धूर नव्हता, म्हणून

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात; मी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' धरला. सतराव्या शतकातलं तर्कशास्त्राचं चिमुकलं पुस्तक, पण आठल्ये-बोडसांची 1897 ची मुंबईची आवृत्ती टिपांनी चांगली जाडजूड झालेली. ती हातात घेतली की माणूस आपोआप विद्वान दिसतो.

डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे, जशी स्वयंपाकघरात असते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. अनुमानाच्या या पाच पायऱ्या पाठ झाल्या आणि मी घरात सरळ बोलणं सोडलं. बायको म्हणाली, "अहो, दुधाला वास येतोय, नासलंय." मी म्हटलं, "हेतू सव्यभिचार आहे. वास फ्रीजमधल्या मुळ्याचाही असेल." चहा मीच केला. फाटला. तो मी तत्त्वासाठी प्यालो.

रविवारी भाकऱ्या झाल्यावर ती शेजारी गेली आणि मला ओटा आवरायची हुक्की आली. शेगडीवर बिडाचा तवा. गॅस बंद. जिथे धूर तिथे आग. इथे धूर नाही. म्हणून आग नाही. दोन्ही हातांनी उचलला.

निगमन बोटांपर्यंत पोचायला पाच पायऱ्या लागल्या नाहीत.

नळाखाली हात धरून उभा असताना आठवलं. आग असूनही धूर नसतो, याचा दाखला त्याच पुस्तकात आहे: तापलेला लोखंडाचा गोळा. धुराला नुसती आग पुरत नाही, ओलं सरपणही लागतं. म्हणजे माझा तवा अन्नंभट्टाला तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता. त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीने रेघही मारली होती.

जर-तरच्या अशा कोड्यांत भले भले फसतात. पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये अक्षर-आकड्यांच्या चार पत्त्यांचं कोडं मांडलं, त्यात बहुतेक जण चुकतात. पुढे 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तसंच कोडं बिअर आणि वय घालून फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना दिलं, तेव्हा बहुतेकांना ते सुटलं. विषय ओळखीचा असला की डोकं नीट चालतं, असं म्हणतात. तीस वर्षं ज्या तव्यावरच्या भाकऱ्या खाल्ल्या, तो माझ्या ओळखीचा नव्हता, एवढाच याचा अर्थ निघतो.

बायको आली. काही न विचारता तिने तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र झालं. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "हे पाचातलं कितवं?"

"तिसरं," मी म्हटलं. "उदाहरण."