परत येण्याची हमी

सोलापुरात उन्हाळा लागला की पूर्वी दोनच विषय असायचे : पारा कुठवर चढला आणि नळाला पाणी कितव्या दिवशी आलं. यंदा तिसऱ्याची भर पडली आहे. ‘अपॉइंटमेंट मिळाली का?’ ही दातांच्या डॉक्टरची नव्हे, शेंगेन व्हिसाची. महाबळेश्वर झालं, केरळ झालं, दुबईला तर शेजारचेही जाऊन आले. आता पोरांच्या सुट्टीत इटली, ग्रीस, स्पेन यांच्याखाली काही बोलायचं नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या साडूंच्या घरी गेले काही महिने हाच धंदा चालू आहे. आठवीतल्या थोरलीला सँटोरिनीची पांढरी घरं बघायची आहेत, कारण तिथं फोटो चांगले येतात. पाचवीतल्या धाकट्याला बार्सिलोनाचं फुटबॉलचं मैदान बघायचं आहे. मेव्हणीला रोम हवं. साडूंना या तिन्हींपेक्षा स्वस्त पडेल असा देश हवा. तो अजून नकाशात सापडलेला नाही. आजींचं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते दिलं : “गोव्याला चला की! चर्च हाय, समुद्र हाय, पोर्तुगीज बी हुते.”

आजींच्या बोलण्यात तथ्य होतं. पोर्तुगीज १५१० ते १९६१ एवढा काळ तिथं राहिले, तेही कुणाकडं व्हिसा न मागता. शिवाय जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान जातं. ज्या विमानतळापायी १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आडवी झाली, तिथून एकदा तरी उडणं हे सोलापूरकराचं कर्तव्यच नव्हे का? पण गोव्याला जायला बँकेचं स्टेटमेंट लागत नाही. ज्या प्रवासाला स्टेटमेंट लागत नाही, तो सोसायटीत सांगण्याच्या लायकीचा राहत नाही.

मग रोम की अथेन्स? हा प्रश्न आपण सोडवायचा असतो, असा साडूंचा गैरसमज होता. नियम असा, की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडं अर्ज करायचा. व्यवहार असा, की ज्या देशाची तारीख आधी मिळेल त्याच देशाचं प्रेम वाटू लागतं. महिनाभर मायकेलँजेलोचं नाव घेणारी मेव्हणी ग्रीसची तारीख रिकामी दिसताच सॉक्रेटिसाबद्दल बोलू लागली. दुसऱ्या दिवशी ती तारीख गेली आणि बिचाऱ्या सॉक्रेटिसावर पुन्हा अन्याय झाला.

यानंतर कागदपत्रं. इथं शेंगेन मंडळींचं खरं दुखणं कळतं. तुम्ही त्यांच्याकडं काय बघणार, यात त्यांना फारसा रस नसतो. तुम्ही परत जाणार का, एवढीच त्यांना काळजी. त्यासाठी आयकराची विवरणपत्रं, बँकेचे व्यवहार, दुकानाचा परवाना, परतीचं तिकीट आणि मुलांच्या शाळेचं बोनाफाईड अशी चळत लागते. साडूंनी आपणहून घराचा उताराही जोडला. सोबत पत्र : ‘आमचे घर, धंदा व आई सोलापुरात असल्याने आम्ही निश्चित परत येऊ.’ आईचं नाव पुराव्यात आल्यापासून आजींचा गोव्याचा आग्रह थांबला आहे. आपण जोडपत्र आहोत, याचा त्यांना अभिमान वाटतो.

बँकेत शिल्लक दिसावी म्हणून साडूंनी मेव्हण्याकडून दोन लाख आणून भरले. एजंटानं कपाळावर हात मारला. एकदम आलेली रक्कम त्या लोकांना संशयास्पद वाटते म्हणे. सोलापुरात ती संशयास्पद नसते. ती मेव्हण्याची असते. पण हा वर्ग त्यांच्या रकान्यात नाही.

विम्याचं कलम तर वाचण्यासारखं आहे. किमान ३०,००० युरोंचा विमा हवा, आणि त्यात आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असावा, तसाच मृतदेह आणण्याचाही. म्हणजे जिवंत असो वा नसो, सोलापूरकर परत गेलाच पाहिजे. परत येत नाही ते फक्त शुल्क. बारा वर्षांवरच्या माणशी ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलामागं ४५. चौघांचे मिळून ३१५ युरो, म्हणजे तीस हजारांच्या घरातला मामला. व्हिसा नाकारला तरी ही रक्कम तिकडंच स्थायिक होते.

याउलट आमचा सोलापुरी टेरी टॉवेल बघा. तो वर्षानुवर्षं परदेशी जातो. त्याला कुणी बोटांचे ठसे मागत नाही, परत येणार का म्हणून विचारत नाही. उलट तो परत आला तर कारखानदाराचा रक्तदाब वाढतो.

एका गोष्टीचा मात्र साडूंना घोर आहे. परदेशी गेलेला सर्वांत नामवंत सोलापूरकर परत आला नव्हता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच गेले. त्यांच्या जाण्याला कारण होतं आणि न परतण्यालाही. साडूंच्या जाण्याला फक्त ईएमआय आहे, हे कॉन्सुलेटच्या साहेबांनी कृपया ध्यानात घ्यावं.

तारखांच्या या गोंधळात मे निघून गेला. मेमध्ये रोमची हवा सुखाची असते. प्रवास आता जूनवर आला आहे. जून २०२४ मध्ये उन्हाच्या लाटेमुळं अथेन्सचं ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. सिसिलीत तर ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंशांची नोंद झाली, युरोपातला तो उच्चांक. म्हणजे इथल्या त्रेचाळीस अंशांतून सुटायला कर्ज काढायचं आणि तिथं जाऊन दारं लावून दुपारी झोपायचं. हे ऐकून साडूंचा एक मित्र म्हणाला, “काय बे, झोपायला इतक्या लांब कशाला जातूस?” साडूंकडं उत्तर नव्हतं, त्यांच्याकडं फक्त न परत मिळणारं हॉटेल बुकिंग होतं.

बॅगेचंही ठरलं आहे. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे बाद. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र जाणार. चार दिवस पास्ता खाल्ल्यावर पाचव्या दिवशी कोलोसियमच्या सावलीत भाकरी मोडली जाईल आणि धाकटा विचारेल, “घरी कधी जायचं?” साहेबांना परतीचा पुरावा हवा असेल, तर यापेक्षा भक्कम कागद आमच्याकडं नाही.

तेव्हा युरोपानं निर्धास्त राहावं. दहा दिवसांनी सोलापूरकर तिथं राहत नाही. परत न येणारे सोलापूरकर वेगळे आहेत. ते रोज सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतात आणि पुण्यात उतरतात. आधी कॉलेजला, मग नोकरीला, मग हिंजवडीजवळच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. त्यांना कुणी उतारा मागत नाही, विमा मागत नाही, ‘सोलापूरला परत येण्याचं कारण काय?’ असं विचारत नाही. विचारलं तर त्या रकान्यात पोरं काय लिहिणार? चार-चार दिवसांनी येणारं पाणी?

महापालिकेला आणि निवडून आलेल्या सर्व पक्षांच्या मंडळींना एकच विनंती. आमच्या थोरलीची बारावी चार वर्षांवर आहे. तोवर तो रकाना भरून ठेवा : रोज पाणी आणि इथंच बरी नोकरी. शेंगेनवाल्यांची खात्री आमची आम्ही पटवू.