कॅम्बरराव

कॅम्बररावांच्या गाडीत बसायचं असेल तर आधी वजन सांगावं लागतं. विचारतात ते अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पांच्या ओघात. "साधारण किती भरेल हो तुमचं?" पण उत्तर येईपर्यंत दाराच्या कडीवरचा हात काढत नाहीत. साठच्या आत असाल तर दार उघडतं. ऐंशीच्या पुढे असाल तर "आज आपण ट्रेननंच जाऊ या का? पार्किंगचा फार त्रास झालाय हल्ली," असा सूर लागतो.

कॅम्बरराव हे अर्थातच त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे; कॅम्बर म्हणजे गाडीच्या चाकाचा कल, त्यावरून पडलेलं. श्टुटगार्ट आणि आजूबाजूच्या बोब्लिंगेन, एसलिंगेन, लुडविग्सबुर्गमध्ये मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. गणपतीच्या हॉलमध्ये जरा मान वळवली की एखादा तरी कॅम्बरराव दिसतोच. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे. पुण्यात मेकॅनिकल, चाकणला चार वर्षं नोकरी, मग इकडे. घराचे हप्ते चालू, मुलगी गिम्नाझियम शाळेत, डोक्यावरचे केस मोजण्याच्या अवस्थेत. कंपनीत काम काय, तर काचेवरच्या वायपरचं सॉफ्टवेअर. वायपर डावीकडून उजवीकडे जातो आणि उजवीकडून डावीकडे येतो. इतकी वर्षं त्यात घातल्यावर माणसाला कुठंतरी सरळ जावंसं वाटणं साहजिक आहे. मग एका शनिवारी तो सेकंडहँड पोर्शे घेऊन दारात उभा राहतो.

(१९६८पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही अधिकृत भगिनी-शहरं आहेत. कॅम्बरराव पुण्याचे असल्यामुळे या नात्याचा उल्लेख करत नाहीत.)

पोर्शे म्हणजे पहिल्या पिढीची बॉक्स्टर, १९९६ ते २००४ या काळात निघालेली. पुण्याला फोनवर "पोर्शे घेतली" एवढंच कळवलं जातं. ती नव्या कोऱ्या साध्या गाडीपेक्षा स्वस्तात पडली, ही माहिती पुढे पाठवली जात नाही. वडील आले तेव्हा हौसेनं म्हणाले, "इंजिन दाखव." कॅम्बररावांनी पुढचं झाकण उघडलं, आत डिकी. मागचं उघडलं, आत डिकी. बॉक्स्टरचं इंजिन गाडीच्या पोटात असतं. मागच्या डिकीत फक्त तेल आणि पाणी ओतायची तोंडं दिसतात. वडील दोन्ही डिक्यांकडे पाहून म्हणाले, "मागून घेतलीस ना नीट?"

दुसरं दुखणं याहून नाजूक आहे. पोर्शेचं घर म्हणजे श्टुटगार्टमधलं झुफेनहाउझेन, आणि ते कॅम्बररावांच्या घरापासून लोकल ट्रेननं जाण्याइतकं जवळ. पण बॉक्स्टरला मागणी एवढी आली की १९९७पासून बऱ्याचशा गाड्या फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी नावाच्या गावी बनत होत्या. चासी नंबरातलं अकरावं अक्षर एस असेल तर गाडी श्टुटगार्टची, यू असेल तर फिनलंडची. कॅम्बररावांच्या गाडीच्या चासी नंबराबद्दल त्यांच्या घरात कोणी बोलत नाही.

आता एवढं झाल्यावर माणसानं गाडी चालवावी. पण चालवणारे वेगळे आणि कॅम्बरराव वेगळे. पहिल्याच आठवड्यात त्यांना जाणवलं की गाडी डावीकडे ओढते. बायकोला शेजारी बसवून हायवेवर नेलं, स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवले. ती म्हणाली, "अरे, रस्ताच डावीकडे वळतोय." हा शेरा त्यांनी मनावर घेतला नाही.

आपल्याकडे या रोगावर उपाय सोपा आहे. हायवेच्या कडेला 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' असा बोर्ड, एक पोरगा, शिशाचे तुकडे आणि चहा संपायच्या आत काम फत्ते. जर्मनीतही टायरच्या दुकानात हे होतं. अर्ध्या तासात कागद हातात येतो, त्यावरचे सगळे आकडे हिरवे. इथंच कॅम्बररावांची जात कळते. हिरव्यावर समाधान मानणारा तो ग्राहक. हिरव्या पट्ट्याच्या नेमका मध्यभागी आकडा का नाही, आणि डाव्या चाकाचा आकडा उजव्यापेक्षा चार मिनिटांनी वेगळा का, असं विचारणारा तो कॅम्बरराव. ही मिनिटं घड्याळातली नव्हेत. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे मिनिट. असल्या चार मिनिटांसाठी त्यांची झोप जाते.

मग माइस्टर आला. माइस्टर म्हणजे रीतसर परीक्षा देऊन उस्तादकीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेला कारागीर. आमच्या कॅम्बररावांचा माइस्टर डोंगराकडच्या एका खेड्यात असतो. फक्त सस्पेन्शन करतो. ऑइल बदलून द्या म्हटलं तर शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवतो. त्याची अपॉइंटमेंट, म्हणजे टर्मिन, मिळवणं हे एक वेगळंच व्रत आहे. कॅम्बररावांच्या गाडीला हंगामी नंबरप्लेट आहे. १९९७पासून इथं ही सोय आहे: प्लेटच्या उजव्या कडेला महिने छापलेले असतात, आणि कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. त्यांच्या प्लेटवर ०४ आणि १० आहे. नोव्हेंबर ते मार्च गाडी रस्त्यावर आणायची नाही, रस्त्याकडेला उभीसुद्धा करायची नाही. त्यामुळे स्वाबियातल्या, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलुखातल्या, यच्चयावत कॅम्बररावांना एकच टर्मिन हवी असते, एप्रिलचा पहिला आठवडा. ती ऑक्टोबरातच मागून ठेवावी लागते. मधल्या काळात ते भाड्याच्या गॅरेजमध्ये जाऊन गाडीत नुसते बसून येतात.

एका एप्रिलात त्यांनी मलाही नेलं. साक्षीदार म्हणून असावं.

माइस्टरनं आधी हात मिळवला, मग चाक धरून हलवलं. खालून टॉर्च मारून प्रत्येक बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड पाहिला. लूज काही निघालं तर तो गाडी परत पाठवतो, कारण जे मुळात हलतंय त्याचं माप घेण्यात अर्थ नसतो. मग चार चाकांखाली चार वजनकाटे सरकवले. टाकी अर्धी हवी, हवा बरोब्बर हवी. ड्रायव्हरच्या सीटवर त्यानं वाळूच्या पिशव्या रचल्या, एकूण पंचाहत्तर किलो. ही इथली पद्धत. पण कॅम्बरराव म्हणाले, "पिशव्यांना पाय नसतात. माझे पाय पुढे पेडलवर असतात, तो भार पुढे जातो." माइस्टरनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पिशव्या उचलल्या. "तुमचं वजन?"

"चौऱ्याहत्तर."

कॅम्बरराव आत बसले. चार काट्यांची बेरीज तब्बल एक्क्याऐंशी किलोंनी वाढली. माइस्टर काही बोलला नाही. पेन काढून एक्क्याऐंशी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर डुगडुगणाऱ्या टेबलासाठी. चार पायांच्या टेबलाचा एक पाय तोकडा असला की ते तिरक्या रेषेतल्या दोन पायांवर तोलून उभं राहतं, आणि आपण तिसऱ्याखाली कागदाची घडी सारतो. गाडीचं तसंच. पुढचा डावा कोपरा स्प्रिंगच्या आट्यांवर जरा वर घेतला की भार नुसता त्या चाकावर वाढत नाही, मागच्या उजव्यावरही वाढतो, आणि उरलेली दोन हलकी होतात. पुढचं डावं अधिक मागचं उजवं मिळून एकूण वजनाच्या निम्मं भरलं की गाडी दोन्हीकडे सारखी वळते. त्यासाठी उंची कमीजास्त करता येणारे शॉकअप लागतात. ते कॅम्बररावांनी खास फिष्टेनबेर्गहून आणले, कारण ते बनवणारी केडब्ल्यू कंपनी तिथं आहे, श्टुटगार्टपासून तासाभरावर. जर्मनीचा भूगोल त्यांना असाच येतो. एनेपेटाल म्हणजे बिलश्टाइन, फिनेनट्रोप म्हणजे आयबाख, श्वाइनफुर्ट म्हणजे झाक्स. कोलोनचं कॅथेड्रल आतून पाहायचं अजून राहिलंय.

दोन तास कॅम्बरराव स्टिअरिंगवर हात ठेवून पुतळ्यासारखे बसून होते. हलायचं नाही. आकडे पाहायला मान उजवीकडे वळवली तर उजवा काटा चढे आणि माइस्टर खेकसे. म्हणून आकडे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एक्कावन्न पॉइंट तीन. माइस्टरनं पाना फिरवला, गाडी पुढेमागे ढकलली, दाबून उसळू दिली. पन्नास पॉइंट सहा. पुन्हा पाना. पन्नास पॉइंट एक.

"पास्ट," माइस्टर म्हणाला. बसलं.

"पन्नास पॉइंट शून्य नाही का होणार?" पुतळ्यानं विचारलं.

माइस्टर हात पुसत शांतपणे म्हणाला, "एकदा बाथरूमला जाऊन या. होईल."

त्यानंतरचं काम चाकांच्या कोनांचं: कॅस्टर, कॅम्बर आणि टो. हे तिन्ही एकमेकांच्या पायात पाय घालून चालतात. कॅम्बरला हात लावला की टो हलतो, म्हणून टो शेवटी करायचा असतो. ते काम मी कॉफी पीत बाहेरूनच पाहिलं. निघताना माइस्टरनं कागद दिला आणि मान हलवली. स्वाबियन माणूस टोचून बोलला नाही म्हणजे कौतुक झालं, अशी इथली रीत. पुणेकराला ही रीत शिकवावी लागत नाही. दोघांचं उत्तम जमतं.

गणपतीत याचं प्रवचन होतं. आरती झाली, महाप्रसादाची रांग लागली, की कॅम्बरराव एखादा नवखा गाठतात. "टो म्हणजे काय माहितेय?" आणि तिथंच, मोज्यांवर, पायांचे अंगठे आत वळवून उभे राहतात. "हा टो-इन. सरळ जायला स्थिर." मग फेंगडे होतात. "हा टो-आउट. वळायला चपळ, पण टायर आतून खातो." कॅम्बरसाठी ते अख्खे कलतात, द्रोण हातात धरून. मागची मंडळी पुढे सरकतात, नवखा मठ्ठ्याकडे बघत राहतो. एकदा त्यांनी वाइसाखचा विषय काढला. पोर्शेचं संशोधन केंद्र आहे ते गाव. १९७७च्या पोर्शे ९२८च्या मागच्या चाकांची रचनाही त्याच नावानं ओळखली जाते. ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला की ती चाकं आपोआप जराशी आत वळतात, गाडी मागून घसरत नाही. नवखा म्हणाला, "वा! तुमच्या गाडीत आहे का ते?" ती पंगत लवकर उठली.

मीही एकदा आगाऊपणा केला. फर्डिनांड पोर्शेंनी १९३१मध्ये टॉर्शन बारचं पेटंट घेतलं, पिळला जाणारा पोलादी दांडाच स्प्रिंगचं काम करतो अशी ती युक्ती. ती बीटलमध्ये होती, ९११मध्ये १९८९पर्यंत टिकली. कॅम्बरराव हे भक्तिभावानं सांगत होते. मी म्हटलं, "पण तुमच्या बॉक्स्टरला मॅकफर्सन आहेत ना? मारुती ८००ला पुढं असायचे तेच." तत्त्व एकच, हे त्यांनी मान्य केलं. पण दिवाळीच्या फराळाचं बोलावणं त्या वर्षी उशिरा आलं.

शॉकअप बदलले की टीयूव्हीचा शिक्का लागतो. १८६६मध्ये मानहाइममध्ये बॉयलर फुटू नयेत म्हणून कारखानदारांनी तपासणीची संस्था काढली, तिच्यातून वाढत आलेलं हे प्रकरण. सुट्या भागाचं प्रमाणपत्र, बसवल्याचा दाखला, जमिनीपासूनची उंची, सगळं दाखवून गाडीच्या कागदांवर नोंद करून घ्यायची. इतर देशांत लोक याला कंटाळतात. कॅम्बरराव प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स घेऊन जातात. तपासनीसानं एक मागितली तेव्हा तिन्ही दिल्या.

आणि मग एवढं सगळं जुळवून झाल्यावर ते न्युर्बुर्गरिंगला गेले. १९२७ची शर्यतवाट, २० किलोमीटर ८३२ मीटर, जंगलातून चढत-उतरत जाणारी. १९७६मध्ये निकी लाउडा तिथं जळता जळता वाचला, त्यानंतर फॉर्म्युला वन त्या लांब वाटेवर परतली नाही. ठरावीक दिवशी पैसे भरून कोणीही आपली गाडी तिथं नेऊ शकतो. कॅम्बररावांनी एक फेरी मारली, पूर्ण वेळ उजव्या कडेनं, उजवा इंडिकेटर चालू ठेवून, म्हणजे मागच्यांनी खुशाल पुढे जावं. बरेच गेले. त्यांत एक जुनी स्टेशन वॅगन होती, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली. उतरल्यावर कसं वाटलं, असं विचारलं तर चेहरा उजळला. "स्टिअरिंग सोडलं ना, तरी सरळ!" सोडलं कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही; सरळ तुकडा तिथं शेवटीच येतो.

घरी मात्र या अचूकतेला एक भोक आहे. गाडी बायकोही चालवते, आणि बरी चालवते. तिचं वजन चोपन्न. ती बसली की माइस्टरचे दोन तास वाया जातात, असं कॅम्बररावांचं गणित. त्यांनी एकदा सुचवून पाहिलं की सीटखाली सत्तावीस किलो काहीतरी ठेवू या. तिनं ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर तो विषय निघाला नाही.

परवा ती इंडियन स्टोअरमध्ये बासमती आणायला बॉक्स्टर घेऊन गेली. परत आली तेव्हा कॅम्बरराव खालीच उभे होते. भाव विचारला नाही, उशीर का झाला विचारलं नाही.

"पोतं पुढच्या डिकीत ठेवलंस की मागच्या?"

"शेजारच्या सीटवर. पट्टा लावून."

कॅम्बररावांचे ओठ हलू लागले. चोपन्न इकडे, वीस तिकडे, टाकी पाऊण. हिशेब कुठंतरी अडला. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं, जिना चढले आणि वरच्या पायरीवरून म्हणाले, "पुढच्या वेळी दहादहाच्या दोन आण."