डेकवरची म्हैस

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाला मागच्या दारी लाकडी डेक मिळतो आणि डेक मिळाला की त्याला अंगण आठवतं. अंगण म्हटलं की तुळस आली. तुळशीमागून मेथी, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता अशी सगळी मंडई चालत येते. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी हिने फर्मावलं, "कुंड्यांचा पसारा नको. कठड्याला लागून सीडरच्या पेट्याच करून घेऊ, डेकचाच भाग वाटतील अशा."

नेमके तेव्हा हिचे वडील आमच्याकडे मुक्कामाला होते. अप्पा पाटबंधारे खात्यातले. या खात्यातला माणूस निवृत्त झाला तरी गळती शोधायचं सोडत नाही. त्यांनी डेकखाली वाकून वाशांवर टकटक केली आणि वर येऊन कागद मागितला.

"जावईबापू, पेटी ६ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. झाले साडेतेरा घनफूट. ओली माती घनफुटाला ४५ किलो धरा."

"सहाशे किलो?"

"म्हैस आहे ही! चोवीस तास उभी, आणि दावं सोडायची सोय नाही."

इथले डेक साधारण चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात. दीड फूट ओली माती दीडशेच्या घरात जाते. सुतार मात्र ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला. कंत्राटदार असं म्हणाला की प्रॉब्लेम नक्की, हा अप्पांचा नोकरीतला अनुभव.

शेजाऱ्याने जुन्या डेकच्या फळ्या फुकट देऊ केल्या. फुकट म्हटल्यावर अप्पांचा चेहरा उजळला. पण २००३ पर्यंत इथे घरगुती लाकडालाही आर्सेनिकचं औषध मारत, हे कळताच म्हणाले, "राहू दे. मेथी आपल्यालाच खायचीय."

शेवटी पेट्यांना त्यांचे स्वतःचे खांब मिळाले. थंडीत जमीन गोठून फुगते, म्हणून पाया ३ फूट खोल. पेटीत जाड प्लास्टिक, तळाला भोकं, घराच्या भिंतीपासून बोटभर अंतर. "लाकडाला वाहतं पाणी चालतं, साचलेलं नाही," हे अप्पांनी सुताराला मराठीतून सांगितलं आणि त्याने निमूट ऐकलं.

ऑक्टोबरात दहिवर गोठायला लागलं की तुळस आणि कढीपत्ता घरात घ्यावाच लागतो. तेव्हा ही दोन झाडं कुंडीतच लावा आणि कुंडी पेटीत बसवा. मेथी-कोथिंबिरीला पेटीतली माती खुशाल द्या, पण तिचा भार डेकवर टाकू नका. आणि सुताराला फोन करण्याआधी पाटबंधारे खात्यातला एखादा सासरा गाठा.